पुतळा बाजूला ठेवा, दप्तर उघडा: वकील लिंकनचं चरित्र कसं लावावं

अब्राहम लिंकनबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा दोनच लिंकन भेटतात. एक, ओंडक्यांच्या खोपटात शेकोटीच्या उजेडात वाचत बसलेला पोरगा; दुसरा, गुलामगिरीवर घाव घालणारा राष्ट्राध्यक्ष. मधली चोवीस वर्षं कुणी गिळली? सप्टेंबर १८३६ मध्ये त्याला इलिनॉय राज्याचा वकिलीचा परवाना मिळाला आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये तो तिथलं स्प्रिंगफील्ड गाव सोडून वॉशिंग्टनला निघाला. मधल्या काळात त्याचं घर मुख्यतः वकिलीवर चाललं, आणि माझ्या मते त्याचं राजकारणही त्याच वकिलीच्या खांद्यावर बसून पुढे गेलं.

माझी उभी नोकरी दिवाणी कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीत गेली. त्यामुळे कुणाचंही चरित्र हातात आलं की मी आधी विचारतो, कागद कुठे आहेत? लिंकनच्या बाबतीत उत्तर सुखाचं आहे. इलिनॉयमधल्या अभ्यासकांनी काउंटी-काउंटीच्या (काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या तालुक्यासारखा भाग) कोर्टांतली दप्तरं चाळून पाच हजारांवर प्रकरणं आणि लाखाच्या घरात कागद जमवले. ते सगळं इंटरनेटवर फुकट बघता येतं. त्यातून माणूस कसा उभा करायचा ते माझ्या कारकुनी पद्धतीनं सांगतो. विद्यापीठातली पद्धत वेगळी असेल.

सुरुवात जन्मतारखेपासून करू नका, नकाशापासून करा. इलिनॉयचा नकाशा घ्या आणि पेन्सिलीनं ही गावं जोडत जा: स्प्रिंगफील्ड, पेकिन, मेटामोरा, ब्लूमिंग्टन, माउंट पुलास्की, क्लिंटन, मॉन्टिसेलो, अर्बाना, डॅनव्हिल, पॅरिस, शेल्बीव्हिल, सलिव्हन, डिकेटर, टेलरव्हिल. हे आठवं न्यायमंडळ, ऐन भरातलं. चौदा काउंट्या, एकच न्यायाधीश. १८४८ पासून तो न्यायाधीश म्हणजे डेव्हिड डेव्हिस. वसंतात एक फेरी आणि शरदात एक. न्यायाधीश पुढे आणि त्याच्यामागे घोड्यावर किंवा बग्गीत वकिलांचा तांडा. एकेका गावी काही दिवस कोर्ट भरायचं, मग मुक्काम हलायचा. दोन्ही फेऱ्या धरून वर्षातले पाच-सहा महिने घराबाहेर. वाटेत गवताळ माळ, चिखल, पूल नसलेल्या नद्या. खाणावळीत एका खाटेवर दोन-दोन वकील झोपत. डेव्हिसचं वजन तीनशे पौंडांच्या आसपास होतं, त्यामुळे त्याच्या खाटेत वाटेकरी नसे.

हा नकाशा आधी का काढायचा, तर पुढे निवडणुकांचं काही वाचाल तेव्हा हाच उपयोगी पडेल म्हणून. कोर्ट भरलं की आसपासचे शेतकरी गावात यायचे. त्या मुलखात करमणूक म्हणावी अशी दुसरी गोष्ट कमीच. दिवसा खटले ऐकायचे, संध्याकाळी वकिलांची राजकीय भाषणं. ज्यूरीत बसणारा माणूस मतदारही होता. सोबतचे काही वकील आठवडा संपला की घरी पळायचे. लिंकन बहुधा फेरीबरोबरच राहायचा. घरातल्या कटकटी टाळायला, असं काही चरित्रकार म्हणतात. असेल. पण चौदा तालुक्यांच्या गावांत ज्याला नावानिशी ओळखतात, त्या माणसाला प्रचार वेगळा करावा लागत नाही, हेही लक्षात घ्या. नकाशावर कडेला दोन आकडे लिहून ठेवा: इलिनॉयची वस्ती १८३० मध्ये दीड लाखाच्या जरा वर, १८६० मध्ये सतरा लाखांच्या वर. तो आला तेव्हा तो मुलूख खरोखर वस्तीची कड होता. तो गेला तेव्हा तिथे रेल्वे धावत होती. १८५३ आणि १८५७ मध्ये मंडळातल्या काउंट्या कमी केल्या त्या याच कारणानं: वस्ती वाढली, कामं वाढली.

आता परवाना. तो एका दिवशी मिळत नव्हता, तीन नोंदी शोधाव्या लागतात. २४ मार्च १८३६ ला सँगमन काउंटीच्या कोर्टानं हा मनुष्य चांगल्या चालीचा आहे अशी नोंद केली. ९ सप्टेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या सहीनं परवाना. १ मार्च १८३७ ला वकिलांच्या पटावर नाव. कॉलेज नाही, लेखी परीक्षा नाही. जॉन टॉड स्टुअर्ट या वकिलानं पुस्तकं उसनी दिली, लिंकननं ती न्यू सेलमला, तेव्हाच्या आपल्या गावी, नेऊन वाचली. कुणा गुरूच्या हाताखाली शिकलो नाही, असं त्यानं पुढे स्वतःच लिहून ठेवलं. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना, सप्टेंबर १८६० मध्ये, एका तरुणानं वकिली शिकण्याचा मार्ग विचारला. तेव्हा त्यानं उत्तर पाठवलं ते असं: पद्धत सोपी पण कष्टाची आहे, पुस्तकं मिळवा आणि नीट वाचा. ब्लॅकस्टोनपासून सुरू करा, मग चिटीचं प्लीडिंग, ग्रीनलीफचा पुरावा, स्टोरीची इक्विटी. आणि काम करा, काम करा, काम करा. हे पत्र जरूर वाचा. निम्मी भाषणं वाचून जो लिंकन कळत नाही तो त्या चार ओळींत कळतो.

यानंतर एकच प्रकरण निवडा आणि ते पहिल्या कागदापासून शेवटपर्यंत वाचा. इथे बहुतेकांची चूक होते. ते थेट खुनाच्या खटल्यावर उडी मारतात. या हजारो प्रकरणांत खुनाचे खटले तीसही नाहीत. निम्म्याच्या आसपास प्रकरणं पैशाच्या वसुलीची आहेत. म्हणून पहिलं प्रकरण वचनचिठ्ठीचं घ्या. रोकड कमी, त्यामुळे जो तो चिठ्ठ्या लिहून द्यायचा: अमुक तारखेपर्यंत अमुक डॉलर देईन. ही चिठ्ठी पुढे हातोहात फिरायची. दावा लावणारा मूळ धनकोच असेल असं नाही. चिठ्ठी उलटून पाठीवर बघा, कुणी कुणाला सोपवली ते तिथे सहीसह मिळेल.

पाठ बघायची ही सवय सगळ्याच कागदांना लावा. त्या काळी कागदाच्या उभ्या घड्या घालून पुडकं बांधत, आणि बाहेर येणाऱ्या पट्टीवर प्रकरणाचं नाव, कागदाचा प्रकार, दाखल केल्याची तारीख आणि क्लार्कची सही असे. समन्सच्या पाठीवर शेरीफचा, म्हणजे काउंटीच्या अंमलदाराचा, शेरा असतो: अमुक दिवशी प्रतिवादीला वाचून दाखवलं, आणि त्याखाली त्याची फी, किती मैल गेला त्याचे पैसे धरून. एवढ्या दोन ओळींवरून प्रतिवादी गावात राहतो की दूर वस्तीवर हे कळतं. आमच्याकडे नवा कारकून आला की त्याला आम्ही आधी कागदाची पाठ वाचायला शिकवत असू. पोटातला मजकूर कुणीही वाचतो.

कागदांचा क्रम साधारण असा लागतो: समन्स काढा म्हणून क्लार्कला दिलेली चिठ्ठी, समन्स, वादीचं म्हणणं, प्रतिवादीचा जबाब, न्यायाधीशाच्या वहीतली त्रोटक नोंद, निकाल, आणि पैसे वसूल झाले नाहीत तर जप्तीचा हुकूम. शेवटचा कागद विसरू नका. निकाल वादीच्या बाजूनं लागला म्हणजे पैसे मिळाले असं नव्हे. शेरीफ जाऊन येतो आणि लिहितो, जप्त करण्याजोगं काही आढळलं नाही. अशा शेऱ्यांपुढे मोठमोठी वकिली भाषणं फिकी पडतात.

वकिलांच्या सह्या बघताना एक गंमत दिसेल. आज स्टुअर्टच्या विरुद्ध उभा असलेला लिंकन उद्या दुसऱ्या प्रकरणात त्याच्याच बाजूला. स्टुअर्ट १८३७ ते ४१ त्याचा भागीदार, नंतर १८४४ पर्यंत स्टीफन लोगन, आणि पुढे शेवटपर्यंत विल्यम हर्नडन. डेव्हिस आजारी पडला किंवा बाहेर गेला तर लिंकन त्याच्या जागी बसून काम चालवायचा, असंही घडलं आहे. म्हणून एका प्रकरणातल्या बाजूवरून त्याचं मत काढू नका. आणि सहीची जागा कापलेली दिसली तर दचकू नका. हौशी संग्राहकांनी कोर्टाच्या कागदांवरून त्याच्या सह्या कात्रीनं कापून नेल्या आहेत. सही गेली तरी अक्षर राहतं. अशा माणसांबद्दल मला काय वाटतं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

एक प्रकरण पुरतं वाचून झालं की वहीचं पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला कोर्ट, उजव्या बाजूला राजकारण, आणि दोन्हीकडे तारखा भरत जा. १८३४ पासून लिंकन लागोपाठ चार वेळा इलिनॉयच्या विधानसभेवर निवडून गेला. १८३७ च्या सुरुवातीला त्या सभागृहानं रेल्वे, कालवे, रस्ते यांची भली मोठी योजना मंजूर केली, आणि लिंकन तिच्या कट्टर समर्थकांपैकी एक होता. त्याच वर्षी देशभर आर्थिक पडझड झाली. योजना कोसळली, राज्य कर्जात बुडालं. आता डाव्या बाजूला बघा: वसुलीचे दावे. आणि १८४२ मध्ये संघराज्याचा दिवाळखोरीचा कायदा अंमलात आल्यावर लोगन आणि लिंकन यांच्या कचेरीत दिवाळखोरीचे अर्ज. तो कायदा १८४३ मध्ये रद्द झाला, अर्जही थांबले. उजव्या बाजूच्या उत्साहाचा हिशेब डाव्या बाजूला असा उतरतो. चरित्रात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत पडतात, म्हणून नजरेला येत नाहीत.

१८४७ ते ४९ वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये एक मुदत. मेक्सिकोच्या युद्धावर राष्ट्राध्यक्ष पोल्कला अडचणीचे प्रश्न विचारले, घरी टीका झाली. परत आल्यावर जमीन खात्याचं मोठं पद मागितलं, ते दुसऱ्याला गेलं; ओरेगनचं गव्हर्नरपद देऊ केलं, ते यानं नाकारलं. पुढची पाचेक वर्षं उजवी बाजू जवळजवळ कोरी आणि डावी भरगच्च.

फीच्या नोंदींसाठी वेगळं पान ठेवा. सुरुवातीच्या वर्षांत पाच डॉलर, दहा डॉलर, क्वचित जास्त; एका ठिकाणी पैशांऐवजी कोट जमा आहे. आणि दुसऱ्या टोकाला इलिनॉय सेंट्रल रेल्वे. राज्याच्या सनदेनं कंपनीला करमाफी दिली असताना काउंटीला कर बसवता येतो का, असा प्रश्न. सप्टेंबर १८५३ मध्ये लिंकननं शँपेन काउंटीच्या क्लार्कला पत्र लिहिलं: कंपनी मला नेमू पाहते आहे, पण तुमच्याशी आधी बोलणं झालं आहे, तेव्हा पहिला हक्क तुमचा. काउंटीकडून काम आलं नाही, तो कंपनीकडून उभा राहिला आणि मॅक्लीन काउंटीविरुद्ध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १८५६ मध्ये जिंकला. पाच हजार डॉलरचं बिल लावलं. कंपनीनं दिलं नाही. मग यानं १८५७ मध्ये आपल्याच अशिलावर दावा ठोकला, ब्लूमिंग्टनला, डेव्हिसच्याच कोर्टात, आणि आधी मिळालेले दोनशे वजा करून चार हजार आठशेचा निकाल मिळवला. तरीही पुढे त्या कंपनीची कामं तो घेतच राहिला. गरिबांचा वकील ही प्रतिमा डोक्यात धरून आलेल्यानं या पानावर जरा थांबावं. तो रेल्वेचा वकील होता, आणि रेल्वेच्या विरुद्धचाही.

आता खुनाचा खटला घ्यायला हरकत नाही. ७ मे १८५८, बीअर्डस्टाउन. आरोपी डफ आर्मस्ट्राँग. त्याचे आईबाप न्यू सेलमच्या दिवसांतले लिंकनचे आधारस्तंभ. बाप जॅक याच्याशी लिंकनची कुस्ती झाली होती ती त्या भागात दंतकथाच झाली. जॅक वारला होता, आई हॅना मदतीला आली, लिंकननं फी घेतली नाही. आरोप असा की २९ ऑगस्ट १८५७ च्या रात्री डफनं मेट्झकर नावाच्या माणसाला मारलं. चार्ल्स ॲलन हा साक्षीदार म्हणाला, दीडशे फुटांवरून मी पाहिलं, चंद्र डोक्यावर होता. लिंकननं उलटतपासणीत त्याच्याकडून तेच पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, मग पंचांग मागवलं. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. डफ सुटला.

इथे वहीत तीन रकाने पाडा: त्या वेळचा कागद, त्या वेळचं वर्तमानपत्र, नंतरची आठवण. पहिल्या रकान्यात लिंकननं ज्यूरीला द्यायच्या सूचना स्वतःच्या अक्षरात लिहिल्या आहेत, त्या येतात. तिसऱ्या रकान्यात मात्र गर्दी. एप्रिल १८६५ मध्ये त्याची हत्या झाल्यावर हर्नडननं जुन्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या. त्या अमोल आहेत, पण सांगणाऱ्याला तोवर माहीत होतं की आपण हुतात्म्याबद्दल बोलतो आहोत. लिंकननं दुसऱ्या वर्षाचं पंचांग दाखवून ज्यूरीला फसवलं, ही अफवाही याच रकान्यातली. ती मात्र तपासता येते: १८५७ च्या त्या रात्री चंद्र मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मावळला, आणि मारामारी अकराच्या सुमाराची. पंचांग खरं होतं. सगळ्या आठवणी अशा गणितानं सुटत नाहीत, म्हणून कुठली गोष्ट कुठल्या रकान्यातून आली ते शेवटपर्यंत पुसू नका.

काही ठिकाणी पहिला रकाना रिकामाच राहील. १८५७ चा शिकागोतला रॉक आयलंड पुलाचा खटला घ्या. एफी ॲफ्टन नावाची आगबोट मे १८५६ मध्ये मिसिसिपीवरच्या रेल्वे पुलाला धडकून जळाली, बोटवाल्यांनी पूल कंपनीवर दावा केला, लिंकन पुलाच्या बाजूनं. ज्यूरीचं एकमत झालं नाही. शिकागोच्या त्या कोर्टाचं दप्तर १८७१ च्या आगीत गेलं. त्याचं भाषण उरलं ते वर्तमानपत्रात छापलं गेलं म्हणून.

गुलामगिरीबद्दल त्याच्या वकिलीतून काही शोधणार असाल तर दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचा, एकटं एक वाचू नका. पहिलं बेली विरुद्ध क्रॉमवेल, १८४१. वरून बघितलं तर साधी वचनचिठ्ठी, शीर्षकावरून काहीच कळत नाही. पण ती चिठ्ठी नान्स नावाच्या एका काळ्या तरुणीच्या किमतीची होती. लिंकन बेलीच्या, म्हणजे पैसे द्यायला नकार देणाऱ्याच्या बाजूनं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्रच आहे असं गृहीत धरायचं, आणि स्वतंत्र माणसाची विक्री बेकायदा. चिठ्ठी रद्द. दुसरं प्रकरण ऑक्टोबर १८४७ चं, कोल्स काउंटीतलं. केंटकीचा मॅट्सन आपल्या इलिनॉयच्या शेतावर गुलाम आणून राबवायचा. जेन ब्रायंट आणि तिची मुलं सुटकेसाठी कोर्टात आली. लिंकन मॅट्सनच्या बाजूनं उभा राहिला. ही माणसं हंगामापुरती आणली, कायमची नव्हे, असा त्याचा युक्तिवाद. तो हरला, जेन आणि मुलं मोकळी झाली.

यावर चरित्रकारांनी सारवासारवीचे बरेच प्रयत्न केले आहेत: मनापासून लढला नाही, वकिलाला अशील निवडता येत नाही, वगैरे. माझं म्हणणं सरळ आहे. त्याला नाही म्हणता आलं असतं, त्यानं म्हटलं नाही. तसंच लिहा आणि पुढे चला. १८५४ मध्ये नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करणारा कॅन्सस-नेब्रास्का कायदा आल्यावर जो लिंकन पेटून उठला, तो हाच. मॅट्सनचं पान फाडून टाकलं तर १८५४ चा बदल किती मोठा होता तेही मोजता येत नाही.

शेवटचं काम माणसांची यादी, आणि मला सगळ्यात आवडणारं. प्रत्येक नावाला एक पान. नमुन्यादाखल शिकागोचा वकील आणि राजकारणी नॉर्मन जड याचं पान कसं भरतं ते बघा. फेब्रुवारी १८५५: सिनेटरची निवड तेव्हा लोक नव्हे, विधानसभा करायची. पहिल्या फेरीत लिंकनला ४५ मतं, लायमन ट्रम्बुलला अवघी ५. त्या पाचांत जड होता आणि तो हलेना. अखेर प्रतिपक्षाचा उमेदवार येऊ नये म्हणून लिंकननंच आपली माणसं ट्रम्बुलकडे वळवली आणि दहाव्या फेरीत ट्रम्बुल निवडून आला. लिंकनची पत्नी मेरी हे विसरली नाही. १८५७: पुलाच्या खटल्यात जड आणि लिंकन एकाच बाजूला. १८६०: रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन शिकागोला खेचून आणण्यात जड पुढे, आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी व्यासपीठावरून लिंकनचं नाव मांडणाराही जडच. १८६१: प्रशियाला राजदूत म्हणून रवाना.

असंच पान डेव्हिसचं करा: आठव्या मंडळाचा न्यायाधीश, मे १८६० मध्ये शिकागोच्या ट्रेमाँट हाऊसमध्ये तळ ठोकून प्रतिनिधींची जुळवाजुळव करणारा, १८६२ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयावर. डॅनव्हिलचा भागीदार वॉर्ड हिल लॅमन: वॉशिंग्टनचा मार्शल. लेनर्ड स्वेट: फेरीतला जुना सोबती, शिकागोत रात्रंदिवस राबलेला, मोठं पद नाही. एडविन स्टँटन: १८५५ मध्ये सिनसिनाटीत कापणी यंत्राच्या पेटंटच्या खटल्यात यानं लिंकनला बाजूला सारलं, बोलूही दिलं नाही, जानेवारी १८६२ मध्ये लिंकननं त्यालाच युद्धमंत्री केलं. पानं भरत आली की ती नकाशाशेजारी ठेवा आणि प्रत्येक नावापुढे पहिली गाठ कुठल्या गावच्या कोर्टात पडली ते लिहा. जिथे गाव सापडत नाही ती जागा मोकळी सोडा, दुसऱ्या कुणाच्या प्रकरणात ती अचानक भरून निघते.